हनुक्काचा दिवा कसा घडतो: ज्योती, धातू आणि तेलाचं गणित

हनुक्काच्या दिव्यात आठ ज्योती असतात आणि त्यांना पेटवायला नववी. ऐकायला सोपं वाटतं. एका पट्टीवर नऊ वाट्या बसवल्या की दिवा तयार! तरीही नव्याने घडवलेले कित्येक देखणे दिवे पहिल्याच सणात फसतात. मेणबत्त्या शेजारच्या आचेने वाकतात, शुक्रवारी तेल वेळेआधी संपतं, वातीवरून तेल टेबलावर ओघळतं, एखादी वाटी पट्टीपासून सुटून हातात येते. यात हाताचा दोष कमी आणि वाचनाचा जास्त असतो. ज्यू धर्मशास्त्राने या दिव्यासाठी घालून दिलेले नियम म्हणजे कारागिराला दिलेला मापांचा कागद आहे. तो ज्याने नीट वाचला, त्याचा दिवा कितीही आधुनिक दिसला तरी आठही रात्री नीट जळतो.

आधी सणाबद्दल थोडं. हनुक्का साधारण डिसेंबरच्या आसपास येतो, हिब्रू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस. इ.स.पूर्व १६४ मध्ये मकाबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर सेल्युसिड या ग्रीक राजवटीकडून परत मिळवलं, शुद्ध केलं आणि तिथली पूजा पुन्हा सुरू केली. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली कथा अशी की मंदिरात शिक्का शाबूत असलेली तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसाला पुरेल एवढी, आणि ती आठ दिवस जळली. म्हणून पहिल्या रात्री एक ज्योत, दुसऱ्या रात्री दोन, असं करत आठव्या रात्री आठ. बेरीज ३६ होते. रोज लागणारी पेटवणारी ज्योत, म्हणजे शमाश, धरली की ४४. हनुक्काच्या मेणबत्त्यांची पेटी म्हणूनच ४४ची येते.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज मकाबींच्या लढ्याआधीच मायदेश इस्राएल सोडून निघाले होते. त्यांच्या जुन्या मराठी सणनावांत नव्याचा सण आहे, खिरीचा सण आहे, होळीचा सणही आहे. हनुक्का मात्र नाही. तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर आला. गंमत अशी की हाच समाज पिढ्यानपिढ्या तेलाच्या घाण्यावर जगत होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जायचा. तेलाच्या चमत्काराचा सण तेल्यांपर्यंत सगळ्यांत उशिरा पोचला. पुढे मुंबईत पितळी कड्यांमध्ये काचेचे पेले अडकवलेले, भिंतीवर टांगायचे हनुक्का दिवे वापरात आले.

आता मापांचा कागद.

सगळ्यांत पहिली गोष्ट म्हणजे हा दिवा सात ज्योतींचा करायचा नाही. जेरुसलेमच्या मंदिरात सात शाखांची मेनोरा होती आणि तिची हुबेहूब नक्कल घरात वापरायला तालमूदने मनाई केली आहे. पाच, सहा, आठ चालतात. नऊ ज्योतींच्या दिव्याला म्हणून वेगळं नाव आहे: हनुक्किया. मंदिरातल्या मेनोऱ्याची आठवण देणाऱ्या वळणदार फांद्या काढायला कुणाची हरकत नसते, फक्त आकडा सांभाळायचा.

दुसरी गोष्ट ज्योतींच्या वेगळेपणाची, आणि घडणीच्या दृष्टीने हीच सगळ्यांत महत्त्वाची. रस्त्यावरून जाणाऱ्याला आज कितवी रात्र आहे ते ज्योती मोजून कळलं पाहिजे. तालमूदमध्ये उदाहरण आहे ते आपल्या समईसारख्याच भांड्याचं: तेलाची एक पसरट वाटी, कडेने अनेक वाती. अशी वाटी उघडी ठेवली तर ज्वाळा मध्ये एकत्र येतात, ती शेकोटी होते आणि एकही दिवा लावल्यासारखं धरलं जात नाही. तीच वाटी वरून भांडं पालथं घालून झाकली तर प्रत्येक वात स्वतंत्र मोजली जाते. यावरूनच क्राकोचे सोळाव्या शतकातले पंडित मोशे इसर्लेस यांनी ज्योती सरळ ओळीत ठेवायला सांगितलं, वर्तुळात नको. पुढच्या काळातल्या सोप्या नियमपुस्तकांनी त्यात भर घातली की ओळ एका पातळीत असावी, एक ज्योत उंच आणि एक खाली असं नको. अर्धवर्तुळाबद्दल आणि जिन्यासारख्या चढत्या रचनेबद्दल मतभेद आहेत. आजचे डिझायनर जिना फार आवडीने करतात. घरात वापरायचा दिवा हवा असेल तर गिऱ्हाइकाला आधी विचारलेलं बरं. अनेक घरांत असा दिवा शोकेसमध्ये जातो आणि पेटवायला साधा पत्र्याचा निघतो.

तिसरी गोष्ट शमाशची. हनुक्काच्या ज्योतींचा उजेड कामाला वापरायचा नाही, त्या फक्त पाहायच्या. मग खोलीत जो उजेड पडतो तो शमाशचा मानायचा. म्हणून तो आठांमध्ये मिसळता कामा नये: उंच हवा, बाजूला हवा, किंवा पुढे काढलेला हवा. निव्वळ रंग वेगळा ठेवून भागत नाही, कारण अंधारात रंग दिसत नाही. बाकीच्या ज्योती शमाशनेच पेटवायच्या असतात, त्यामुळे जळती मेणबत्ती एका हाताने सहज निघाली आणि परत बसली पाहिजे. शमाशची वाटी घट्ट केली की मेणबत्ती मोडते. ही चूक फार दिसते.

चौथी गोष्ट जागेची. दिवा जमिनीपासून तीन मुठींच्या वर ठेवायचा, शक्यतो दहा मुठींच्या आत. मूठ, म्हणजे तेफाह, ८ ते साडेनऊ सेमी धरतात. तेव्हा ज्योती साधारण २५ ते ९० सेमी उंचीवर येतात. वरच्या मजल्यावर राहणारे खिडकीत ठेवतात. वीस हातांपेक्षा उंच मात्र नकोच, कारण इतक्या वर माणसाची नजर जात नाही. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यात दरवर्षी उभा राहणारा, इस्रायली कलाकार याकोव्ह आगाम यांनी आरेखलेला सोनेरी दिवा ३२ फुटांचा आहे तो याच हिशेबाने. त्याच्या फांद्या गोल नाहीत, तिरक्या सरळ आहेत. मैमोनिदीस या बाराव्या शतकातल्या पंडिताने मंदिरातल्या मेनोऱ्याचं जे रेखाटन केलं होतं त्यात फांद्या तशाच आहेत. सगळी टोकं मात्र एका पातळीत येतात.

मातीबद्दलचा नियम कुंभारकाम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. साध्या भाजलेल्या मातीची पणती एका रात्रीत तेल पिऊन काळवंडते, म्हणून ती दुसऱ्या रात्री वापरणं योग्य मानत नाहीत. रोज नवी घ्यावी. ग्लेझ दिलेली चालते. सिरॅमिकचा हनुक्किया करणाऱ्याने म्हणून फक्त बाहेरून ग्लेझ देऊन थांबू नये, तेल जिथे बसतं त्या वाटीच्या आतही ते पूर्ण हवं. एरवी कोणतं साहित्य वापरायचं याला जवळजवळ बंधन नाही. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरची वस्त्रं आणि दागिने पवित्र मानले जातात, जीर्ण झाले तरी टाकता येत नाहीत. हनुक्काचा दिवा त्या मानाने विधीचं साधन आहे, त्याला तशी पवित्रता चिकटत नाही. पाइपचे तुकडे, काँक्रीट, काच, सिलिकॉन, जुने नटबोल्ट, सगळं चालतं. प्रयोगशील कलाकार ज्यू विधिवस्तूंपैकी याच वस्तूकडे का वळतात याचं निम्मं उत्तर इथे आहे. विजेच्या दिव्यांना मात्र बहुतेक धर्मपंडित विधी म्हणून मान्यता देत नाहीत: त्यात वात नाही आणि पुढच्या अर्ध्या तासाचं इंधन समोर नाही.

अर्धा तास. हाच आकडा सगळं डिझाइन ठरवतो.

चांदण्या दिसू लागल्यानंतर ज्योत किमान अर्धा तास जळली पाहिजे, आणि तेवढं इंधन पेटवतानाच दिव्यात हवं. मागाहून भर घालून चालत नाही. आठवड्यातल्या इतर दिवशी अंधार पडल्यावर दिवा लावला तर अर्ध्या तासात काम होतं. सूर्यास्तालाच लावायची पद्धत असेल तर तासभर धरा. खरी परीक्षा शुक्रवारी. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाल्यावर आग पेटवता येत नाही, म्हणून हनुक्काचा दिवा शब्बाथच्या दिव्यांच्याही आधी लावतात. शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी. सूर्यास्तापासून चांदण्या दिसेपर्यंत ३० ते ४० मिनिटं आणि वर अर्धा तास. म्हणजे साधारण दीड तास, जेरुसलेममध्ये पावणेदोन. दुकानातली बारीक हनुक्का मेणबत्ती ९–१० सेमी लांब आणि ८–९ मिमी जाड असते. ती अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं जळते. आठ दिवसांत एक तरी शुक्रवार येतोच. फक्त या मेणबत्तीच्या मापाची वाटी केलेला दिवा त्या दिवशी निरुपयोगी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वाटीला दोन माप देणं: तळाला १० मिमी व्यासाचं भोक, १५ मिमी खोल, आणि त्याच्या वर २२ ते २३ मिमी रुंद, ५ मिमी खोल असा कठडा. रोज बारीक मेणबत्ती खालच्या भोकात, शुक्रवारी जाड मेणबत्ती वरच्या कठड्यात. मग दोन वाट्यांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत ४० मिमी तरी ठेवावं लागतं. फक्त बारीक मेणबत्त्यांना २८ ते ३० मिमी पुरतं. २० मिमीवर आलात की आतल्या बाजूच्या मेणबत्त्या दोन्हीकडून तापतात, मऊ होतात आणि आठव्या रात्री एकमेकींवर झुकतात. पहिल्या रात्री हे कळत नाही. दिवा तपासायचा तो आठही लावूनच.

दुसरा उपाय तेलाचा. सगळी तेलं चालतात, ऑलिव्हचं सर्वांत श्रेष्ठ मानतात, कारण चमत्कार त्याचा. शिवाय ते धूर कमी करतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, डिसेंबरातल्या जेरुसलेमच्या उघड्या दारात त्याचा उपयोग नाही. किती तेल लागेल ते वातीच्या जाडीवर ठरतं, आणि ते पुस्तकात शोधण्यापेक्षा मोजावं: भरलेला पेला वजनकाट्यावर ठेवा, अर्धा तास जाळा, पुन्हा वजन करा. समजा ४ ग्रॅम घटले. ऑलिव्ह तेल पाण्यापेक्षा हलकं, मिलीला ०.९१ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार मिली. शंभर मिनिटांना १५ मिली होतील. तळाचं शेवटचं तेल वात ओढत नाही, म्हणून पेला २० मिलीचा घ्यायचा.

पेल्याचा आकारही महत्त्वाचा. ऑलिव्ह तेल दाट असतं, सुती वातीतून ते एक-दोन सेंटीमीटरपेक्षा वर नीट चढत नाही. खोल आणि अरुंद पेल्यात तेलाची पातळी खाली गेली की ज्योत बारीक होत विझते, तळाला तेल शिल्लक असूनही. उथळ आणि रुंद पेला बरा. खोलच हवा असेल तर खाली पाणी, वर तेल आणि बुचावर तरंगणारी वात. तेल संपताना वात पाण्याला टेकते, तडतडते आणि विझते; काचही फार तापत नाही.

जुन्या पद्धतीच्या चोचीच्या दिव्यांत आणखी एक गोची असते. चोचीतून बाहेर आलेल्या वातीचं टोक तेलाच्या पातळीपेक्षा खाली गेलं, की वातच नळी बनते आणि सगळं तेल थेंबथेंब बाहेर काढते. पेटलेली असताना ज्योत ते जाळत राहते. विझली की गळती सुरू. चोचीचं तोंड भरलेल्या तेलाच्या पातळीपेक्षा ४–५ मिमी वर ठेवणं हा खरा इलाज. युरोपातल्या जुन्या दिव्यांखाली दिसणारं थेंब झेलायचं ताट हा दुसरा.

प्रत्यक्ष घडवायचं झालं तर पितळेचा साधा, फक्त बारीक मेणबत्त्यांचा हनुक्किया असा उभा राहतो; शुक्रवारीही वापरायचा तर वर सांगितलेली दोन मापांची वाटी आणि ४० मिमी अंतर घ्यावं. ३०० मिमी लांब, २५ मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टी. बाहेरून १२ आणि आतून १० मिमी व्यासाची नळी, तिचे प्रत्येकी १८ मिमीचे आठ तुकडे आणि शमाशसाठी ५० मिमीचा एक. मेण झेलायला २६ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाड पत्र्याच्या नऊ चकत्या, किंचित ठोकून बशीसारख्या केलेल्या. दर ३० मिमीवर एक खूण, मधली शमाशची, दोन्ही बाजूंना चार-चार. टोकापासून टोकापर्यंत २४० मिमी होतात, पट्टी दोन्हीकडे ३० मिमी मोकळी राहते.

नळी आणि चकती आधी वेगळी जोडून घ्यावी: चांदीचा डाख, टाकणखार, ज्योत खालून. पितळ ९०० अंशांच्या वर वितळतं आणि हलक्या प्रतीचा चांदीचा डाख ६५०–७०० अंशांना वाहतो, त्यामुळे मध्ये जागा पुरेशी आहे. पण १ मिमीचा पत्रा आणि ६ मिमीची पट्टी एकत्र तापवायला घेतली की पट्टी गरम होईपर्यंत पत्रा वितळायला येतो. शिवाय लांब पट्टी एका टोकाला तापली की धनुष्यासारखी वाकते. म्हणून या वाट्या पट्टीला डाखाने जोडूच नयेत. पट्टीत आरपार भोक पाडून खालून चार मिमीच्या स्क्रूने आवळाव्यात. वाटी खराब झाली तर बदलता येते, पट्टी सरळ राहते, आणि पॉलिश करताना सगळं सुटं होतं. पितळ जास्त तापलं तर त्यातलं जस्त पांढऱ्या धुराने उडतं, तो धूर विषारी असतो. उघड्या हवेत किंवा पंख्याच्या ओढीखालीच काम करावं.

पातळी तपासायची सोपी युक्ती आहे. जाड काचेवर सँडपेपर चिकटवा, शमाश काढून ठेवा आणि सगळा दिवा पालथा घाला. आठही नळ्यांच्या कडा काचेला टेकल्या पाहिजेत. ज्या टेकत नाहीत त्या तशाच सोडा. ज्या उंच आहेत त्या घासल्या जातील, आणि आठही कडांवर एकसारखी चमक आली की ओळ एका पातळीत आहे.

चांदीत काम करणाऱ्यांपुढे वेगळी अडचण असते. ९२.५ टक्के चांदीत उरलेलं बहुतेक तांबं असतं. ठोकताना धातू ताठरला की ६५० अंशांच्या आसपास ताव देऊन मऊ करावा लागतो. दर तावाला तांबं हवेशी संयोग पावून पृष्ठभागाखाली जांभळट डाग धरतं. आम्लात बुडवून वरचा थर जातो, आतला जात नाही. पॉलिश केल्यावर तोच ढगासारखा दिसतो. आधीच टाकणखार आणि बोरिक आम्लाचा लेप दिला तर डाग कमी पडतो. पडलाच तर घासत राहण्यापेक्षा सगळा दिवा मुद्दाम मॅट ठेवणं शहाणपणाचं. चांदीच्या आधुनिक वस्तू अनेकदा मॅट दिसतात, त्यामागे दरवेळी सौंदर्यदृष्टीच असते असं नाही.

वापरात काय बिघडतं? कथलाचा मऊ डाख १८३ अंशांच्या थोडं वर वितळतो. मेणबत्ती तळाशी पोचली की वाटीचा बूड तेवढा तापतो, आणि वाटी सुटते. इपॉक्सी त्याच्याही कितीतरी आधी मऊ पडतं. लाकडाच्या दिव्यात धातूची वाटी बसवली नाही तर शेवटची पाच मिनिटं धोक्याची. बसवली तरी तिच्याभोवती दीड-दोन मिमी हवेची फट ठेवावी. पितळेवर दिलेलं लॅकर ज्योतीजवळ तपकिरी होतं आणि मग डागासारखं दिसतं, त्यापेक्षा न देता राहू द्यावं. तेलातली आम्लं पितळ-तांब्याशी मिळून हिरवा चिकट थर धरतात. स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांना कल्हई का करतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे नव्याने सांगायला नको. तेलाच्या दिव्यात काचेचा सुटा पेला किंवा आतून कथलाचा मुलामा, दोन्हीपैकी एक हवंच. काँक्रीटचे दिवे फोटोत सुंदर दिसतात. तेलाचा पहिला थेंब पडला की कायमचा डाग.

जेरुसलेममध्ये अनेक घरं दिवा दाराबाहेर, मेझुझाच्या, म्हणजे चौकटीवरच्या धर्मवचनांच्या डबीच्या, समोरच्या बाजूला काचेच्या पेटीत ठेवतात. पेटी पूर्ण बंद केली तर ज्योती गुदमरतात, काच काजळते आणि आठव्या रात्री तडकू शकते. खाली दोन बाजूंनी फटी आणि वर झाकणाखाली मोकळी जागा ठेवली की हवा खालून येऊन वरून जाते. फटी एकाच बाजूला ठेवल्या तर वारा सरळ आत शिरतो.

आणि दिव्याला पुढचा-मागचा भाग असतो. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे भरत जातात, पेटवायची सुरुवात त्या रात्रीच्या नव्या, म्हणजे सगळ्यांत डावीकडच्या ज्योतीपासून. ही उजवी-डावी पेटवणाऱ्याची. खिडकीत ठेवल्यावर रस्त्याकडून ती उलटी दिसते. हिब्रू अक्षरं कोणत्या अंगाला कोरायची हे म्हणून आधीच ठरवावं लागतं.

या सगळ्या बंधनांतून आधुनिक शैली निघाली ती एका माणसामुळे बरीचशी. लुडविग येहुदा वोल्पर्ट (१९००–१९८१) जर्मनीत शिकले, १९३३ मध्ये पॅलेस्टाइनला आले आणि जेरुसलेमच्या बेझालेलमध्ये धातुकाम शिकवू लागले. बेझालेल ही कलाशाळा बोरिस शात्झ यांनी १९०६ मध्ये सुरू केली होती आणि तिथल्या सुरुवातीच्या कामावर येमेनी सोनारांच्या तारकामाची मोठी छाप होती. वोल्पर्ट यांनी वेलबुट्ट्या काढून टाकल्या आणि हिब्रू अक्षरांनाच रचनेचा सांगाडा केलं: अक्षर वर चिकटवलेलं नसतं, तेच भार पेलतं. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममधल्या टोबे पाशर कार्यशाळेचे प्रमुख झाले. १९६१ पासून त्यांच्याबरोबर तिथे धातुकलाकार मोशे झाबारी होते. संग्रहालयाच्या आत चालणारा धातूचा कारखाना ही गोष्टच विरळा. शेजारच्या दालनात हजाराच्या घरातले जुने दिवे आणि इथे नवे.

त्यानंतरच्या पिढीत वास्तुविशारद आणि औद्योगिक डिझायनर आले. रिचर्ड मायर यांचा १९८५ सालचा दिवा कल्हईच्या तांब्याचा आहे आणि त्याची प्रत्येक वाटी ज्यूंच्या छळाच्या एकेका काळातली वास्तुशैली आठवून देते, इजिप्तपासून जर्मनीपर्यंत. आठ वेगळे मनोरे, तरी मेणबत्त्या एका ओळीत. कागदावरचा विचार आणि विधीचा नियम दोन्ही सांभाळण्याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण. पीटर शायर यांचा १९८६ चा रंगीत पोलाद आणि ॲल्युमिनियमचा दिवा खेळण्यासारखा दिसतो. करीम रशीद यांनी २००४ मध्ये सिलिकॉनचा लवचीक दिवा केला. सिलिकॉन दोनशे अंशांपर्यंत टिकतं पण थेट ज्योत सहन करत नाही, म्हणून आत स्टेनलेस स्टीलच्या वाट्या आहेत. गंमत दिसते वरच्या रंगात, काम करतं ते आतलं पोलाद.

बाकी सणांच्या वस्तूंनाही असेच कागद आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, फुंकायचं शोफार मेंढ्याच्या शिंगाचं. त्यावर नक्षी कोरता येते, पण रंगाने चित्र काढता येत नाही, कारण रंगाच्या थराने आवाज बदलतो. आणि ओठ टेकतात त्या तोंडाला सोनं मढवलं तर शोफार बाद. कलाकाराला तिथे फक्त कोरणीची मोकळीक. सुक्कोत या सणात उभारायच्या मांडवाला भिंती कशाच्याही चालतात, छप्पर मात्र जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचंच हवं. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये वास्तुविशारदांच्या स्पर्धेतून निवडलेले बारा मांडव उभे राहिले, तेव्हा सगळ्यांची कसरत त्या छपरापाशी होती. पासोव्हर ते शावुओत या दोन सणांमधले ४९ दिवस मोजायला चित्रकार टोबी कान यांनी लाकडाचा मोजणीफलक केला आहे, ४९ सुट्या तुकड्यांचा, एकही दुसऱ्यासारखा नाही.

पासोव्हरच्या सेदेर या विधिभोजनाच्या ताटाचं मात्र वेगळं आहे. ताटात सहा पदार्थ: भाजलेलं हाड, अंडं, दोन कडू भाज्या, खारोसेत (फळं, सुकामेवा आणि वाइनचं मिश्रण) आणि मिठाच्या पाण्यात बुडवायची हिरवी भाजी, शिवाय तीन मात्झा, म्हणजे खमीर नसलेल्या कडक पोळ्या. वोल्पर्ट यांनी १९३० मध्ये चांदी, एबनी आणि काचेचा तीन मजली संच केला तो मात्झांसाठीच, प्रत्येकीला काचेचा वेगळा मजला. यंत्रावरची चौकोनी मात्झा साधारण १८ सेमीची. हातची गोल आणि बरीच मोठी, ३० सेमीचीही असते. संच कोणत्या मात्झासाठी हे ठरवल्याशिवाय काच कापू नये. सिरॅमिकचं ताट करणाऱ्यांनी माती आटण्याचा हिशेब धरावा: १२ टक्के आटणाऱ्या मातीची ३४ सेमीची ओली चकती भाजून ३० सेमीची होते. ग्लेझ शिसेविरहितच हवं, कारण खारोसेतमधली वाइन आणि किसलेलं हॉर्सरॅडिशचं मूळ दोन्ही आंबट-तिखट आणि ताटात तासन्‌तास पडून राहतात. ग्लेझला बारीक तडे असतील तर पदार्थाचा अंश मातीत शिरतो, आणि मातीच्या भांड्यात एकदा खमिराचा अंश शिरला की ते उकळून शुद्ध करता येत नाही. असं ताट वर्षभर वेगळ्या कपाटात, फक्त पासोव्हरसाठी ठेवतात, आणि विकत घेताना आधी वापरलेलं नाही ना हे विचारून घेतात.